महाग बाजार आणि तुझे चोवीस लाख

पुणे, रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. "बाजार फार चढलाय, आत्ता हात घालू नये असं सगळे म्हणतात, मग पैसे ठेवू कुठे?" हे तू तीनदा लिहिलंयस. आणि २४ लाखांची मुदत ठेव एकाच सहकारी बँकेत, एकाच नावावर, येत्या महिन्यात संपतेय, हे मात्र शेवटी ताजा कलम म्हणून! मी असतो तर उलटं लिहिलं असतं. म्हणून उत्तरही उलट्या बाजूने देतो.

ठेव विमा महामंडळाचं संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांचं आहे, मुद्दल आणि व्याज धरून. ४ फेब्रुवारी २०२० पासून हा आकडा आहे, त्याआधी १ लाख होता. शाखा किती आणि पावत्या किती याने फरक पडत नाही, सगळ्या मिळून ५ लाख. म्हणजे आज तुझे १९ लाखांहून जास्त पैसे त्या बँकेच्या तब्येतीवर उभे आहेत. बँक चांगली असेलही. पण सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते, आणि आदल्या दिवसापर्यंत तीही चांगलीच बँक होती. आणि तुमच्या सांगलीकडे मला जी भीती वाटते ती ही: अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून पतसंस्थेत जाऊ नकोस. पतसंस्था ही बँक नव्हे, मल्टीस्टेट असली तरी नव्हे. तिथल्या ठेवीला हा विमा लागूच नाही, ५ लाख सोड, ५ रुपयांनाही नाही. बाजार महाग म्हणून पळालेला पैसा बहुतेक वेळा अशाच जागी जाऊन पडतो. आगीतून फुफाट्यात. शेअरमध्ये ३० टक्के पडझड झाली तर निदान रोज भाव दिसतो आणि विकता येतं. इथे काउंटरवरची खिडकीच बंद होते.

म्हणून पहिलं काम: ठेव संपायच्या आत बँकेत जाऊन पावतीवर आपोआप नूतनीकरणाची सूचना आहे का ते बघ, असेल तर लेखी रद्द कर. नाहीतर त्या दिवशी ती त्याच मुदतीसाठी पुन्हा लागते, आणि मोडायला गेलास की दंड.

आता बाजार. महाग आहे का? हो, स्वस्त नक्कीच नाही. पण तू ज्या पीई-च्या (शेअरचा भाव कंपनीच्या वार्षिक नफ्याच्या किती पट आहे, तो आकडा) तक्त्यावरून ठरवतोयस त्यात एक खोच आहे. एनएसई, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजार, मार्च २०२१ पर्यंत आपल्या निफ्टी निर्देशांकाचा पीई कंपन्यांच्या एकट्या नफ्यावर काढत असे. एप्रिल २०२१ पासून उपकंपन्या धरून एकत्रित नफ्यावर काढते. त्या एका बदलाने चाळिशीच्या आसपासचा आकडा रातोरात तेहतिशीच्या आसपास आला, बाजार होता तिथेच. तेव्हा २०१५ चा २२ आणि आजचा २२ एका ओळीत मांडून "तेव्हाइतकाच" म्हणता येत नाही, आजचा २२ जुन्या मोजपट्टीवर जास्त भरेल. दुसरी खोच: कोविडच्या वर्षात पीई फुगला तो भाव वाढला म्हणून तेवढा नाही, खालचा नफाच आटला होता. पीई बघून तेव्हा बाहेर पडलेले पुढची सगळी तेजी काठावरून बघत बसले.

आणि महाग म्हणजे नक्की किती नुकसान, हा हिशेब कोणी करत नाही. कर. समज निफ्टी २४ पीई-ला घेतला आणि सात वर्षांनी तो २० झाला. ही घट सात वर्षांत वाटली तर वर्षाला साधारण २.६ टक्क्यांची कात्री. कंपन्यांचा नफा वर्षाला ११ टक्के वाढला आणि लाभांश सव्वा टक्का धरला, तर १२ च्या जागी सव्वानऊ-साडेनऊ टक्के हातात येतात. वाईट नाही. पण हीच २४ ची २० पुढच्या बारा महिन्यांत झाली, तर वाढलेला नफा आणि लाभांश धरूनही मुद्दल सहा टक्क्यांनी कमी. आणि ती २० वरच थांबेल असं कोणी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेलं नाही. महाग बाजार दोन वर्षांनी लागणाऱ्या पैशाला मारतो. दहा वर्षांच्या पैशाचा तो फक्त परतावा कमी करतो. त्यामुळे माझ्या लेखी "बाजार वर आहे का" याआधी "हा रुपया कोणत्या महिन्यात लागणार" हे ठरायला हवं.

वाट बघण्याचंही सांगतो, कारण तुझा कल तिकडे दिसतोय. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी बाजारातल्या अविवेकी उत्साहाचा इशारा दिला ५ डिसेंबर १९९६ ला. तिथला निर्देशांक डाऊ जोन्स तेव्हा ६,४३७ होता. जानेवारी २००० मध्ये तो ११,७०० च्या वर गेला, आणि मार्च २००९ च्या महामंदीतही ६,५४७ च्या खाली बंद झाला नाही. म्हणजे इशारा ऐकून "खाली आला की घेऊ" म्हणणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांनंतर तो भाव पुन्हा मिळालाच नाही. आणि उलट उदाहरणही पाठ असू दे: जपानचा निर्देशांक निक्केई १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ ला बंद झाला आणि ती पातळी ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. दोन्ही खरं आहे. म्हणूनच सगळे आत किंवा सगळे बाहेर, दोन्ही नको.

तुझे आकडे घेतो. घरखर्च महिना ५० हजार, सई अकरावीत, गृहकर्ज ९ लाख बाकी, दहा वर्षं राहिलीत, दर ८.५ टक्के बदलता.

तीन लाख, म्हणजे सहा महिन्यांचा खर्च, दुसऱ्या मोठ्या बँकेत स्वीप खात्यात (बचत खात्यातली जादा शिलक आपोआप ठेवीत जाते आणि लागेल तेव्हा परत येते). त्याच्या व्याजावर डोकं लावू नकोस.

सहा लाख सईचे. इंजिनिअरिंग धरून वर्षाला दीड लाख, चार वर्षं. चार पावत्या कर, दीड-दीड लाखांच्या, प्रत्येक त्या-त्या वर्षीच्या जून महिन्यात संपणारी. कॅप राउंडच्या, म्हणजे प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्यांच्या, धावपळीत फी भरायला मोकळा पैसा हवा, पावती मोडायची वेळ येऊ नये. दोन तुझं नाव पहिलं ठेवून, दोन वहिनींचं पहिलं ठेवून. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला की ठेव विम्यासाठी ती वेगळी धरली जाते. मात्र पैसा तुझा असल्याने आयकरात व्याज तुझ्याच उत्पन्नात मिळवायचं, वहिनींच्या पॅनवर टीडीएस कापला गेला तरी. हे पैसे शेअरमध्ये? एक रुपयाही नाही.

चार लाख गृहकर्जात भर. यावर तू नाक मुरडशील, म्हणून आकडे. ९ लाखांवर हप्ता आहे साधारण ११,१६०. चार लाख भरून हप्ता तोच ठेवलास तर उरलेले १२० हप्ते ५५ वर येतात आणि जवळपास ३ लाख ३५ हजारांचं व्याज वाचतं. महाग बाजारात ८.५ टक्के, विनाजोखीम, आणि त्यावर कर नाही: असा रोखा कुठे मिळतो सांग. तू नव्या करप्रणालीत आहेस, तिथे राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही मिळत नाही. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. एकच घोळ होतो: काही बँका मुदत तीच ठेवून हप्ता कमी करतात, कारण त्यात त्यांना व्याज जास्त मिळतं. अर्जात "हप्ता तोच, मुदत कमी" असं स्पष्ट लिही, आणि आठवड्याने नवीन परतफेड-तक्ता मागून घे.

राहिले ११ लाख, ज्यांना तू आठ-दहा वर्षं हात लावणार नाहीस.

त्यातले तीन पीपीएफ-मध्ये, दीड आत्ता, दीड एप्रिलमध्ये. वर्षाची मर्यादा दीडच आहे. दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के, आणि व्याज करमुक्त. पाच तारखेच्या आत भर: व्याज पाच तारीख ते महिनाअखेर यातल्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात, सहा तारखेला भरलंस तर तो महिना फुकट. तुझं खातं मुदत संपायला आलं असेल तर ते आणखी पाच वर्षांसाठी वाढवता येतं, पण वाढीचा अर्ज मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत द्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे बचत रोखेही चांगले, एनएससीच्या (पोस्टाच्या राष्ट्रीय बचत पत्राच्या) दरावर ०.३५ टक्के जास्त देतात, पण सात वर्षं पैसा अडकतो आणि व्याज पूर्ण करपात्र. निवृत्तीजवळ घेऊ.

एक लाख सोन्यात, पण ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे घेता-विकता येणारे सोन्याचे युनिट. वहिनींना वेढणी किंवा पाटल्या करायच्या असतील तर हौस म्हणून जरूर कराव्यात, गुंतवणूक म्हणून नको: ३ टक्के जीएसटी, घडणावळ, मोडताना घट. आणि एकच लाख, कारण सोनंही आत्ता स्वस्त नाही. जानेवारी १९८० मध्ये ते औंसाला ८५० डॉलरला गेलं, तो भाव पुन्हा दिसला जानेवारी २००८ मध्ये. अठ्ठावीस वर्षं! पडत्या बाजारात सोनं धावून येतं हे पुष्कळदा खरं, पण चढलेल्या सोन्यामागे आपण धावत जाणं ही निराळी गोष्ट.

सात लाख शेअर बाजारात. निफ्टी ५० चा इंडेक्स फंड (त्या निर्देशांकातल्याच कंपन्या त्याच प्रमाणात घेणारा), डायरेक्ट प्लॅन म्हणजे मध्ये एजंट नाही, ग्रोथ पर्याय म्हणजे नफा फंडातच राहतो. फॉर्मवर ग्रोथच्या शेजारी आयडीसीडब्ल्यू असतं, म्हणजे अधूनमधून पैसे वाटून देणारा पर्याय, चुकून त्यावर खूण केलीस तर वाटप होईल तसा तुझ्या स्लॅबने कर लागत राहील. स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांचे फंड, आत्ता नको. खरी महागाई तिथे आहे, आणि बाहेर पडायचं दार अरुंद. मार्च २०२४ पासून फंड कंपन्या दर महिन्याला जाहीर करतात की स्मॉलकॅप योजनेतली निम्मी गुंतवणूक विकायला किती दिवस लागतील. काही मोठ्या योजनांचा तो आकडा बघ, मग बोलू.

एक लाख लगेच घाल. सहा लाख त्याच फंड कंपनीच्या लिक्विड फंडात (अगदी अल्प मुदतीच्या रोख्यांचा फंड), तिथून महिन्याला ५० हजारांचा एसटीपी, म्हणजे एका फंडातून दुसऱ्यात आपोआप जाणारा हप्ता, बारा महिने. कंपनी एकच लागते, लिक्विड एकीकडे आणि इंडेक्स दुसरीकडे असं चालत नाही. प्रत्येक हप्ता म्हणजे लिक्विडमधली विक्री, त्यावरच्या थोड्याशा नफ्याला स्लॅबने कर लागेल, विवरणपत्रात विसरू नकोस.

हप्ते कशासाठी, तेही नीट समजून घे. १० जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१,२०६ ला टेकला आणि ऑक्टोबरमध्ये ७,७०० च्या खाली दिसला. शिखरावर एकरकमी घालणाऱ्याला तो आकडा पुन्हा २१ हजारांवर बघायला नोव्हेंबर २०१० ची दिवाळी उजाडली, आणि तेव्हाही तो टिकला नाही. त्याच वर्षी दर महिनाअखेरीस सारखा हप्ता घालणाऱ्याची सरासरी खरेदी १३,३०० च्या आसपास पडली, आणि मे २००९ मध्ये निवडणुकीच्या निकालानंतर सेन्सेक्स १४ हजारांवर गेला तेव्हा तो नफ्यात होता. पण हप्ता म्हणजे जादू नव्हे. २००३ ते २००७ सारख्या चढत्या बाजारात एकरकमीवालाच पुढे राहतो, आणि अशी वर्षं पडझडीच्या वर्षांपेक्षा जास्त असतात. हप्त्यांत घालणं हा विम्याचा हप्ता समज, थोडा परतावा देऊन झोप विकत घेतोयस. म्हणून बाराच महिने, छत्तीस नाही.

हे फसतं ते एकाच ठिकाणी. चौथ्या महिन्यात बाजार वर जातो, माणूस म्हणतो "थोडा खाली येऊ दे" आणि एसटीपी थांबवतो. सातव्या महिन्यात पडतो, म्हणतो "अजून पडेल". पैसा लिक्विडमध्येच म्हातारा होतो. तेव्हा आजच वहीत लिहून ठेव: निफ्टी आपल्या शिखरापासून १५ टक्के खाली आला तर उरलेले हप्ते दुप्पट, बाकी कोणत्याही कारणाने बदल नाही. खाली सही कर आणि वहिनींचीही घे, त्या तुझ्यापेक्षा शब्दाला पक्क्या आहेत.

वर्षातून एकदा, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, त्या ११ लाखांतला शेअरचा हिस्सा तपास. आत्ता सातास चार, म्हणजे साधारण ६४ टक्के. ७२ च्या वर गेला तर वरचं विकून मुदत ठेवीत. वर्षाहून जुन्या युनिट्सवर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे, त्याच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के, त्यामुळे बहुधा कर लागणारच नाही.

आणि हो, बँकेतला तो मुलगा "बाजार महाग आहे सर, गॅरंटीड प्लॅन घ्या" म्हणेल. दहा वर्षं लाख-लाख भरा, वीस वर्षांनी दुप्पट. ऐकायला गोड. परताव्याचा दर काढ, साडेचार टक्के पडतो. चहा पी आणि उठ.

गृहकर्जाच्या ताज्या खातेउताऱ्याचा आणि त्या ठेवपावतीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. पावतीवर वारस नोंद आहे का तेही दिसेल. वहिनींना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
नंदू