हॉल बुक झाला होता

मा. संपादक,
स. न.

मे महिना आला की आमच्या वसई पट्ट्यात पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे मूल चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसादाची भाकर घेते त्या संस्काराचे, मंडप पडतात. रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेता घेता माझे केस पिकले, म्हणून चार शब्द लिहिते.

यंदाच्या वर्गातल्या एका मुलीला झगा काचत होता. गळ्याशी लाल वळ उठले होते, पण फोटोग्राफर जाईपर्यंत झगा काढायचा नाही अशी आईची ताकीद. सकाळी मिस्सा (चर्चमधली उपासना), मग बागेत शूटिंग, संध्याकाळी हॉलवर केक आणि डीजे. रात्री साडेदहाला मी निघाले तेव्हा ती स्टेजवरच्या सिंहासनात मुकुटासकट झोपली होती आणि खाली पाहुणे नाचत होते. (लाउडस्पीकर दहाला बंद व्हायला हवा, हे तिथे कुणाला सांगणार?) माझ्या वेळी मोठ्या बहिणीचा झगा आणि घरी चहा-पाव एवढाच थाट होता. गरिबी होती म्हणून, उगाच मोठेपणा सांगत नाही.

एके काळी मुलांना हा संस्कार दहा-बारा, कुठे चौदा वर्षांची होईपर्यंत मिळत नसे. ८ ऑगस्ट १९१० रोजी पोप दहावे पायस यांच्या आज्ञेने फर्मान निघाले: मूल साधारण सात वर्षांचे झाले, साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यांतला फरक त्याला कळू लागला, की त्याला अडवू नका. मोठ्यांनी अडवून ठेवलेले मुलांचे मुलांना परत मिळाले. आता आपण ते पुन्हा काढून घेतले आणि केटररच्या हवाली केले.

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा. व्हॅटिकनने तो १९९० मध्येच स्वीकारला, भारताने १९९२ मध्ये. त्यातले ३१ वे कलम मुलांच्या विश्रांतीचे आणि खेळाचे. १२ वे सांगते की मुलाशी संबंधित बाबतीत त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, त्याला वजन द्यावे. चर्चच्या आवारात बालदिनाला आपण यावर भाषणे ठेवतो, पण कम्युनियनच्या यादीत कोणाला बोलवायचे हे मुलाला विचारत नाही. ज्यांच्या कार्याला आपण आहेराची पाकिटे दिली, ते सगळे येतात. मुलाचा शेजारचा दोस्त मात्र राहून जातो.

फादरांनी आणि चर्चच्या धर्मग्राम (पॅरिश) समितीने दोन गोष्टी ठरवाव्यात. सर्व मुलांना एकसारखा साधा, सुती पोशाख असावा. आणि जेवण दुपारचेच ठेवावे.

तिसरी गोष्ट समितीच्या हातातली नाही. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने मला वर्ग सुटल्यावर थांबवून विचारले, "टीचर, मला अजून नीट कळत नाही. मी ख्रिस्तप्रसाद पुढच्या वर्षी घेतला तर चालेल?" इतका प्रामाणिक प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी त्याच्या घरी गेले. आईवडील चांगले, देवभीरू. वडील म्हणाले, "टीचर, हॉलचा अ‍ॅडव्हान्स दिलाय."

त्याने त्याच वर्षी घेतला.

आपली,
एक धर्मशिक्षिका, वसई