पान्यासोबतचं पत्र

॥ श्री ॥

रामबाग, इंदूर
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल गच्चीवर दूध आटवलं. तुझ्या नावाचा पेला बाबांनी चांदण्यात ठेवला आणि शेवटी स्वतःच प्यायले. परवा रात्री तू बोललीस, आवाज स्वच्छ होता, ‘मी ठीक आहे’ म्हणालीस, तेवढ्याने जीव भांड्यात पडला. पण त्याआधीचे दोन दिवस तुझा फोन लागत नव्हता. ‘नेटवर्क क्षेत्र से बाहर है’ हा आवाज मी त्या दोन दिवसांत चाळीस वेळा तरी ऐकला असेन. परवा मी तुला काही बोलले नाही, कारण बोलले असते तर रडलेच असते. म्हणून लिहिते आहे. हे पत्र आणि सोबतचं पार्सल हिमाचलमधल्या काझ्याच्या पोस्टात पोस्ट रेस्टांट म्हणून पाठवते. खिडकीवर ओळखपत्र दाखव आणि मागून घे. गावात ज्याचं घर नाही त्याचं टपाल पोस्टातच राखून ठेवण्याची ही जुनी सोय आहे, आणि तुझ्यासारखीच्या फार कामाची आहे.

तू गाडीतच राहून, तिथूनच काम करत एकटी फिरतेस याची भीती मला वाटतेच. त्यावर माझ्याजवळ उपाय नाही आणि तुला थांबवायचीही इच्छा नाही. बॅटरीवर मात्र उपाय आहे. त्यात माझं आयुष्य गेलं.

१९८६ साली मी टेलिफोन खात्यात लागले तेव्हा पहिली ड्यूटी एक्सचेंजच्या बॅटरी रूमची मिळाली. तू लहान असताना एकदा तिथे आली होतीस, आंबट वासाने नाक दाबून बाहेर पळालीस. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल एकाला एक जोडून ४८ व्होल्ट. असे दोन संच. त्यातला एक सेल ‘पायलट’, म्हणजे सगळ्या संचाचा नमुना, ठरवलेला असे. रोज हायड्रोमीटर बुडवून त्यातल्या ॲसिडची घनता बघायची, तापमान बघायचं, वहीत लिहायचं. शेजारच्या हॉलमध्ये हजारो स्विचांची खडखड चालायची आणि ती सगळी या मुक्या भांड्यांच्या जिवावर. गल्लीतली लाइट गेली तरी लोकांचा फोन वाजायचा, त्यांना ते जादूसारखं वाटे. जादू काही नव्हती. तांब्याच्या त्या दोन तारांतून आवाजाबरोबर वीजही आम्हीच घरोघर पाठवत होतो.

आता आपल्या घरी फायबर आलं. काचेच्या तंतूतून उजेड जातो, वीज जात नाही. लाइट गेली की राउटर बंद, फोन बंद. मोबाइलचंही तेच, टॉवरची वीज टॉवरवाला बघतो आणि तुझ्या हातातल्या यंत्राची तू बघायचीस. पूर्वी कुणीतरी माझ्यासारखी बाई रात्री जागून तुझ्या फोनची वीज सांभाळत होती. आता तुझं एक्सचेंज तुझ्या गाडीत आहे आणि बॅटरी रूमची ड्यूटीही तुझीच.

त्या दोन दिवसांचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. तुझी लिथियम बॅटरी १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तास, म्हणजे घरच्या मीटरच्या भाषेत अडीच युनिट (हजार वॅट-तासांचं एक युनिट). फ्रिज दिवसाला साधारण ४०० वॅट-तास खातो. लॅपटॉपवर सहा तास काम, ३५०. दिवे, पंप, फोन मिळून १००. इथवर ठीक. पण राउटर तू चोवीस तास चालू ठेवतेस, १० वॅटचा धरला तरी २४० झाले. आणि इन्व्हर्टर! त्याला काही जोडलेलं नसलं तरी तो नुसता जागा राहायला १५ वॅटच्या आसपास घेतो. दिवसभराचे ३६०. झाली की नाही दीड युनिटाची बेरीज? दोन दिवसांत तीन युनिट, आणि किन्नौरमध्ये तू देवदारांच्या गर्द सावलीत, वर ढग. छतावरच्या सोलर पॅनेलांनी जेमतेम काही दिलं असेल. दुसऱ्या रात्री बॅटरीच्या आतल्या बीएमएसने, म्हणजे तिची राखण करणाऱ्या सर्किटने, बॅटरीला वाचवायला दार लावून घेतलं. तो शहाणाच निघाला.

आता हेच राउटर झोपताना बंद आणि लॅपटॉप इन्व्हर्टरऐवजी थेट १२ व्होल्टच्या सॉकेटमधून, टाइप-सी चार्जरने, आणि इन्व्हर्टर बंद, असं धरून बेरीज कर. दिवसाला साधारण एका युनिटात भागतं. ते दोन ढगाळ दिवस निघाले असते आणि तिसऱ्या सकाळी हाताशी थोडी शिल्लक राहिली असती. नवीन काही विकत आणायचं नाही, दोन बटणं दाबायची. म्हणून म्हणते, वही ठेव. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला बॅटरी किती टक्के ते लिही. व्होल्टवर जाऊ नकोस. आमच्या शिशाच्या बॅटऱ्या हळूहळू उतरायच्या, चेहरा बघून कळायचं. लिथियम शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच व्होल्ट दाखवते आणि मग एकदम खाली बसते. किती अँपिअर आत गेले नि किती बाहेर आले हे मोजणारा तो छोटा शंट मॉनिटर तू लावलायस, त्याचा आकडा लिही. माझा नियम विचारशील तर चाळीस टक्क्यांच्या खाली गेलं की फ्रिज बंद, आणि वीसच्या खाली फक्त फोन आणि एक दिवा.

एक गोष्ट तू चांगली केलीस, इंजिनची बॅटरी वेगळीच राहू दिलीस. त्यामुळे तिसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली, फोन पुढच्या सॉकेटवर लागला आणि खाली उतरल्यावर तुझा आवाज आला. ती वाट कधीही बुजवू नकोस.

आता मी तुला जे कधी सांगितलं नाही ते सांगते. नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी, पावसाळ्यात, बॅटरीच्या एका सांध्यावर पांढरी-हिरवी भुकटी मला दिसली होती. ड्यूटी संपत आली होती. वहीत ‘ठीक’ लिहिलं आणि घरी आले, तेव्हा आजीला ताप होता. त्याच रात्री लाइट गेली, सगळा भार बॅटरीवर आला आणि तो सांधा तापून लाल झाला. आमच्या भागातले फोन जवळजवळ पाऊण तास मुके होते. पलीकडच्या वाड्यात एक बाई अडली होती. तिच्या घरच्यांना डॉक्टरांना फोन लावता आला नाही, तिचा दीर भर पावसात सायकलवर गेला. बाई आणि बाळ दोघं वाचली. मला कुणी रागावलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं. त्यानंतर ‘ठीक’ हा शब्द मी वहीत कधी लिहिला नाही, नेहमी आकडा लिहिला.

तुझ्या गाडीत हे जास्त सांभाळायला हवं. आमच्या बॅटऱ्या जागच्या हलत नसत, तुझी रोज खडबडीत रस्त्यावर हिंदकळते. नट ढिले होणारच. तुझी पाण्याची किटली १००० वॅटची आहे, १२ व्होल्टवर ती इन्व्हर्टरमधून नव्वद अँपिअर ओढते. लग, म्हणजे तारेच्या टोकाचं नटाखाली बसणारं कडं, थोडा ढिला असेल आणि सांध्यात ओहमचा फक्त शंभरावा हिस्सा अडथळा असेल, तरी त्या एका ठिपक्यावर ऐंशी वॅटची उष्णता तयार होते. आपल्या घरातलं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं आहे! आणि हे सगळं तुझ्या गादीखाली. म्हणून दर रविवारी मेन स्विच बंद करायचा, नट पान्याने तपासायचे. प्रवासानंतर इन्व्हर्टर चालू असताना तारेच्या प्लास्टिकवरून हाताची पालथी बाजू फिरवायची, कुठे ऊब लागते का बघायचं. मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच हवा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या तारेला कुणीच वाली नसतो. आणि घरातल्या एसी, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या, विजेची एमसीबी तिथे चालत नाही, बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसीचा ठिणगीचा झोत ती तोडू शकेल याचा भरवसा नाही. महारानी रोडवरच्या दुकानात मी डीसीचेच फ्यूज मागितले. त्याने दोनदा दुसरे काढून दिले, मी दोनदा परत केले.

काझ्याला आता रात्री पारा शून्याखाली जाईल. लिथियम थंडीत वीज देते, पण शून्याखाली असताना तिला चार्ज करायचं नाही. लिथियम आत शिरायच्या ऐवजी प्लेटवर धातू होऊन साचतं. ती क्षमता पुन्हा मिळत नाही आणि आत शॉर्ट होण्याची भीती राहते. तुझ्या बीएमएसमध्ये थंडीचा कट-ऑफ, म्हणजे गारठ्यात चार्जिंग आपोआप थांबवण्याची सोय, आहे का ते कागद काढून वाच. यातली अडचण नीट समजून घे. रात्रभर गारठून बॅटरी सकाळीच सर्वांत थंड असते आणि नेमकं तेव्हाच तिकडचं लख्ख ऊन पॅनेलवर पडतं. म्हणून रात्री पॅनेलचा स्विच बंद कर, सकाळी चहा होऊन गाडी आणि तिच्यातली बॅटरी उबदार झाली की चालू कर. चहा करताना खिडकी बोटभर उघडी हवी, आणि शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही, हे तुला लहानपणापासून सांगत आले आहे.

पॅनेलचंही सांगते. ज्येष्ठात आपल्याकडे दुपारचा सूर्य थेट माथ्यावर असतो, कर्कवृत्त उज्जैनजवळूनच जातं. तिकडे आता भर दुपारीसुद्धा तो अर्ध्यावरच चढेल, आडव्या पॅनेलला दुपारचंही सत्तर टक्केच मिळेल आणि सकाळ-संध्याकाळ डोंगर खाऊन टाकतील. दक्षिणेकडे तोंड करून उतारावर गाडी लाव, छप्पर आपोआप कलतं. झाडाच्या एका फांदीची सावलीसुद्धा ओळीतल्या सगळ्या सेलांना मागे ओढते.

आता फोनचं. पडद्यावरच्या दांड्या बघू नकोस, सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा असतो तो बघ. उणे ८५ असेल तर व्हिडिओवर मीटिंग कर, उणे ११०च्या पुढे गेलं की बोलणं तुटणार. गाडी दहा पावलं पुढे-मागे केली तरी हा आकडा बदलतो, कारण डोंगराळ भागात टॉवर नजरेच्या रेषेत असला तर असला. दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची ठेव. आणि जिथे काहीच नाही तिथे फोन विमान मोडवर टाकून झोप. टॉवर शोधत बसलेला फोन रात्रीत स्वतःला संपवतो, त्या रात्री तुझंही तेच झालं असणार.

जेल रोडवर एका मुलाने मला ‘सिग्नल बूस्टर’ दाखवला, डब्बा लावा नि नेटवर्क फुल. तसला काही घेऊ नकोस. परवानगीशिवाय तो लावणं गुन्हा आहे, आणि गुन्हा उगीच नाही ठरवला. असला डब्बा आजूबाजूच्या टॉवरच्या कानात ओरडतो आणि सबंध गावाची लाइन खराब होते. आम्ही अशा तक्रारी शोधत गल्ल्या पालथ्या घातल्यात. छतावर चांगला अँटेना आणि त्याला राउटर, एवढं पुरे. कुणी परदेशी प्रवासी सॅटेलाइट फोन देऊ करेल, त्यालाही हात लावू नकोस, परवान्याशिवाय तो बाळगला तरी पकडतात. पुढच्या उन्हाळ्यात लडाखला जायचं म्हणतेस, तर त्याआधी एक सिम पोस्टपेड करून घे, बाहेरचं प्रीपेड तिकडे मुकं होतं. आणि ११२ लक्षात ठेव. तुझ्या कंपनीचा टॉवर नसला आणि दुसऱ्या कुणाचा असला, तरी तो लागतो.

माझी मागणी एवढीच. रोज सकाळी मीटिंगा सुरू व्हायच्या आधी एक एसएमएस. त्यात फक्त गावाचं नाव आणि बॅटरीचा टक्का. कॉल जिथे टिकत नाही तिथूनही एसएमएस निघून जातो, क्षणभर सिग्नल मिळाला की पुरतं. तू नेटवर्क नसलेल्या दरीत शिरणार असशील तर आदल्या दिवशी लिही, ‘उद्या आणि परवा नाही’. मग मी दोन दिवस शांत राहीन. खरंच राहीन. न सांगता गप्प झालीस तर तिसऱ्या दिवशी मी काझ्याच्या ठाण्याला फोन लावेन, ते तुला आवडणार नाही हे माहीत असूनही.

पार्सलमध्ये दहा आणि तेरा नंबरचा पाना आहे, दांड्याला मी स्वतः टेप गुंडाळली आहे, म्हणजे हातातून निसटून दोन्ही टर्मिनलांवर आडवा पडला तरी ठिणगी नको. डीसी फ्यूज सहा, तांब्याचे लग चार, आणि माझी एक कोरी वही, रकाने आखून दिलेत. लवंगेची शेव बाबांनी सराफ्यातून आणली. दिवाळीला येणार नाहीस म्हणालीस, म्हणून चकल्या आधीच केल्या, त्या तेवढ्या चांगल्या फुलल्या नाहीत.

पाना मागे सामानात टाकू नकोस, तुझ्या सीटखाली ठेव. आणि वहीतलं पहिलं पान भरलं की फोटो पाठव.

तुझी,
आई