फाटक बंद केले, जिना बंद केला. मृत्यूची जबाबदारी मात्र मृताची?

प्रति,
मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक,
उपनगरीय विभाग

विषय: बंद फाटकाजवळ रूळ ओलांडताना झालेल्या मृत्यूची जबाबदारी निश्चित करण्याबाबत

महोदय,

मी आपला मासिक पासधारक प्रवासी. आमच्या स्थानकाच्या मुंबईकडच्या टोकाला, जुन्या फाटकापाशी, आमच्या चाळीतल्या एक मावशी गेल्या महिन्यात जलद लोकलखाली गेल्या. घरोघरी पोळ्या करून त्या परतत होत्या. आपल्या कार्यालयात विचारले तर एका ओळीत उत्तर मिळाले: मृत व्यक्ती अनधिकृतपणे रूळ ओलांडत होती, सबब रेल्वे जबाबदार नाही. हे मला मान्य नाही.

फाटक आपणच बंद केले. बदल्यात उड्डाणपूल झाला तो वाहनांसाठी, त्याला पायी चढायला जिना नाही. वस्ती पूर्वेला, बाजार आणि पालिकेचा दवाखाना पश्चिमेला. पादचारी पूल फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे आणि त्याचा पूर्वेकडचा जिना दुरुस्तीच्या नावाखाली पत्रे ठोकून बंद केलेला आहे. कधी उघडणार, हे कुठेही लिहिलेले नाही. संरक्षक भिंतीला मात्र डोक्यावर पाटी घेतलेला माणूस न वाकता जाईल एवढे भगदाड आहे आणि आत उतरायला रुळांखालच्या तुटक्या स्लीपरच्या पायऱ्या रचलेल्या आहेत. ‘रूळ ओलांडणे गुन्हा आहे’ हा नवा फलक भगदाडाला लागूनच लावला आहे. म्हणजे तो लावणाऱ्या आपल्या माणसांनी भगदाड पाहिले होते.

मोटरमनला मी दोष देत नाही. वेगातली लोकल जागच्या जागी थांबत नाही.

रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली रूळ ओलांडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होतो. त्याच कायद्याच्या कलम १८ नुसार केंद्र सरकार आपल्याला कुंपण घालायला लावू शकते, त्याची आठवण कोणी ठेवायची? गाडीतून पडून मेलेल्या प्रवाशाच्या वारसांना कलम १२४-अ प्रमाणे, रेल्वेची चूक सिद्ध न करताही, आठ लाख भरपाई मिळते. रूळ ओलांडताना गेलेल्यांच्या घरच्यांनी मात्र दिवाणी न्यायालयात रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध करायचा. मावशींच्या मुलीने त्यासाठी पैसा आणायचा कुठून?

रेल्वे सुरक्षेवरच्या डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ मध्येच सांगितले होते की देशात असे सुमारे १५,००० मृत्यू दरवर्षी होतात आणि त्यातले सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरीय मार्गावर. गाडीच्या अपघातात मोडत नाहीत म्हणून रेल्वेने हे मृत्यू झटकू नयेत, असेही समितीने बजावले होते. मुंबईतला आकडा नंतर बराच खाली आला, हे खरे. पण ‘जबाबदार नाही’ हे उत्तर तेच राहिले.

जिना आधी उघडा, भगदाड नंतर बुजवा. उलटे केलेत तर लोक दुसरीकडे भिंत फोडतील, कारण दवाखाना पलीकडेच आहे. तोवर सकाळ-संध्याकाळ तिथे रेल्वे सुरक्षा दलाचा जवान उभा करा. पर्यायी रस्ता न देता जिना बंद करण्याचा आदेश कोणत्या अधिकाऱ्याने दिला, याची चौकशी करून अहवाल मावशींच्या मुलीला लेखी द्या.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खालची दोन महिन्यांची नोटीस महाव्यवस्थापकांना जाईल. वकिलांशी बोलणे झाले आहे.

सोबत: भगदाड, फलक व बंद जिन्याची छायाचित्रे, आपल्या उत्तराची प्रत.

आपला,
एक मासिक पासधारक