बाईंची हजेरी

रामबाग, इंदूर
सोमवार, रात्रीचे अकरा

प्रिय मुकुंदा,

दिवाळीला फोन केला नाही, तू केलेले दोन उचलले नाहीत. शिव्या तयार असतीलच, पण आधी वाच. माझी शुगर आहे तिथेच आहे, सुलूचा गुडघाही.

काल बाईंनी मला पकडलं. 45 वर्षांनी, त्याच गुन्ह्यात.

मागून सांगतो. सप्टेंबरात कचरागाडीवरचा पोरगा मला थांबवून म्हणाला, "भिया, वो टीचरजी महीने भर से कचरा नहीं दे रहीं." इंदुरात माणूस कचरा देईनासा झाला म्हणजे समजून जावं. (तुमच्या पुण्यात कुणाला पत्ताही लागला नसता. असो.) गेलो. दार बोटभर उघडलं आणि आधी वास आला, मुताचा, डोळ्यांत झोंबणारा. मग आवाज. आत 31 कुत्री होती रे. माजघरात, न्हाणीत, जिन्याखाली. ज्या झोपाळ्यावर बसून आपण नकाशे रंगवले त्याचा पाट जमिनीवर, आणि त्यावर एक कुत्री सहा पिल्लांना पाजत होती. मधोमध खुर्चीवर बाई, इस्त्रीच्या पातळात. मला म्हणाल्या, "चपला बाहेर काढ."

लॉकडाऊनमध्ये रस्त्यावरच्या दोन कुत्र्या आत घेतल्या, सुरुवात एवढीच. नसबंदी कुणाचीच नाही. कुत्री दोन महिन्यांत विते, वर्षातून दोनदा, खेपेला पाच-सहा. गणित तुझं बरं होतं, मांड हिशेब. वरून लोक पिल्लं आणून टाकत होते ते वेगळंच.

महूच्या व्हेटरनरी कॉलेजात शिकलेला एक तरुण डॉक्टर मिळाला. त्याने पहिल्याच दिवशी दटावलं, "काका, गाडी आणून एका दिवसात सगळी उचलाल तर चार महिन्यांत घर पुन्हा भरेल. काही लोकांना रद्दी टाकवत नाही ना, तसला आजार आहे हा. कुत्र्यांइतकंच आजींकडे बघा." म्हणून हळूहळू. आधी नर वेगळे केले. मग पाच-पाच जणांची तुकडी: गोचीडतापासाठी रक्त, खरजेचं औषध, रेबीजची लस, नसबंदी. रस्त्यावरचं कुत्रं नसबंदी करून उचललं तिथेच सोडतात, पण यांचं 'तिथे' म्हणजे बाईंचं माजघर. बाहेर सोडली असती तर गल्लीतल्या कुत्र्यांनी फाडून खाल्ली असती. एकीने तर पायरीच कधी पाहिली नव्हती. ओसरीवरून अंगणात उतरायला अर्धा तास थरथरत उभी होती.

आणि घरं शोधणं! "लॅब्रा नहीं है क्या?" हा पहिला प्रश्न. मादी म्हटलं की फोन बंद. राजेंद्रनगरच्या एका काकूंना पांढरंच हवं होतं, सोफा पांढरा आहे म्हणून. मी तिथे जे बोललो ते सुलूने मला पुन्हा बोलू दिलेलं नाही. ती म्हणते, लेकीच्या स्थळाची मी इतकी चौकशी केली नव्हती. खरं आहे. गच्चीला कठडा आहे का, हेसुद्धा जाऊन पाहत होतो.

सगळी मिळून 19 दिली. दोन नसबंदी करून बाईंकडेच ठेवली, क्षिप्रा आणि चंबळ. चार डॉक्टरच्या शेडमध्ये, एक माझ्या टेबलाखाली. बेरीज 31 होत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

नावं नद्यांची आहेत. बाई भूगोलाच्याच ना! क्षिप्रा, चंबळ, कालीसिंध, पार्वती. माळवा संपला तेव्हा थेट तुंगभद्रा. सगळी शाळेच्या जुन्या हजेरीपटात, त्याच अक्षरात. 22 नंतर नुसते आकडे आहेत, नावं नाहीत. शेवटच्या रकान्यात 'आणणाऱ्याचे नाव'. अर्धं रामबाग आहे त्यात मुकुंदा, आज जे 'पागल बुढ़िया' म्हणतात तेच. आणि क्र. 9, तापी, समोर मी. दुकानामागे सापडलेलं पिल्लू पिशवीत घालून नेलं होतं, बाई चहा ठेवत होत्या तर "घाईत आहे" म्हणून पळालो. सुलूला कुत्रं नको होतं, हे तेव्हा सबळ कारण वाटलं होतं. आता टेबलाखालच्याला दूधपोळी तीच घालते.

पिल्लांत पार्वोचा विषाणू शिरला. फिनाइलने मरत नाही तो, सगळं माजघर ब्लीचने घासलं, तरी सहातली चार गेली. मग तापी. गोचीडताप मूत्रपिंडापर्यंत पोचला होता, फार उशीर झाला होता. बाईंना मी सांगितलं, विजयनगरला छान घर मिळालं.

तेव्हापासून दर रविवारी बाई हजेरी घेतात. त्या नाव पुकारतात, मी मोबाइलवर फोटो दाखवून "हजर" म्हणतो. तापीचा जुना फोटो आहे माझ्याकडे. पाच रविवार निभावलं. काल 9 वर "हजर" म्हटलं, तर पेन्सिल थांबली. चष्म्यावरून बघितलं, तसंच, आठवी 'ब'मधल्यासारखं. म्हणाल्या, "हा आवाज मुकुंदाचा वाटतो."

माझे पाय गार पडले. मी मॅटिनीला आणि तू माझ्या नावाचा "हजर" ओरडायचास, ते बाहेर कसं फुटलं यावरून तू माझ्याशी दोन महिने अबोला धरला होतास. अजूनही तुझा समज आहे की मी फुटलो. नव्हतो फुटलो, गाढवा! त्यांना आधीपासून ऐकू येत होतं.

पण काल पुढे काहीच बोलल्या नाहीत. पटावर काय मांडलं, मला उलट्या बाजूने दिसलं नाही. 10 पुकारला, पार्वती, ती खरंच हजर आहे. शेवटी म्हणाल्या, चहा घेऊन जा, पळू नकोस. घेतला. साखर घालायला विसरल्या होत्या, की माझी शुगर लक्षात ठेवून नाही घातली, तेही कळेना.

डॉक्टर म्हणतो, सांगून टाका. सुलू म्हणते, खबरदार. त्यांना कळलंय का, की उगाच जुनं काही आठवलं? पेन्सिल थांबते तेव्हा काय असतं, हे तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?

तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? अनघाच्या फ्लॅटचं जमलं का? वहिनींना नमस्कार, लवंगी शेव पाठवतो, या वेळी त्यांना मिळू दे.

रविवारी अकरा वाजता पुन्हा क्र. 9 येणार. शनिवारी रात्रीपर्यंत फोन कर. उचलतो.

तुझा
विन्या

ता. क. टेबलाखालचा पटावर 27 वा आहे, बिननावाचा. बाई म्हणाल्या, याचं नाव मुकुंदाला विचार. नदीच हवी. मुठा सोडून.