शारजातल्या व्यंकटेशला, चिंचोळीतल्या जागेबद्दल

सोलापूर,
१२ जुलै

प्रिय व्यंक्या,

काय करालास बे? परत यायचं म्हणतोस आणि जाहिराती मात्र पुण्याच्याच बघतोस. इथं चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मर्चंडायझरची, म्हणजे ऑर्डर घेण्यापासून माल पाठवेपर्यंत सगळं बघणाऱ्याची, जागा निघाली आहे. निर्यातीचे कागदही त्याच माणसानं सांभाळायचे. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला पगारावर येतोस, म्हणून सगळं लिहूनच कळवतोय.

सोलापुरात टॉवेल विणणारे ढिगानं आहेत. पण घेणाऱ्याच्या बाजूला बसून माल कशावरून नाकारतात हे रोज बघणारा माणूस इथं मिळत नाही. तू तिकडं तेच करतोस: आलेला माल मोजणं, कागद तपासणं, खोट निघाली की भरपाईचा क्लेम लावणं. बायोडाटात नुसतं ‘डॉक्युमेंटेशन सांभाळलं’ लिहिलंस तर कोणी ढुंकून बघणार नाही. महिन्याला किती कंटेनर, कोणत्या बंदरातून, एलसीवर (बँकेच्या हमीपत्रावर) की टीटीवर (थेट बँकेतून पैसे), क्लेम किती आणि कशाबद्दल, हे आकड्यांत लिही. एक पान पुरे.

कापड मात्र तुला शिकावं लागेल. टेरी टॉवेलला ताण्याची, म्हणजे उभं सूत गुंडाळलेली, दोन बीम असतात, एक ग्राउंडचं (खालच्या कापडाचं) आणि एक पाईलचं (वरच्या लूपचं). पाईलचं बीम सैल सोडतात. बाण्याचे (आडवे) पहिले दोन धागे फणी थोडं अंतर राखून ठेवते, आणि तिसऱ्या धाग्याला तिन्ही एकदम पुढं ठोकते. तेव्हा पाईलचं सैल सूत वर उचललं जातं, तोच लूप. पाईलचा ताण बिघडला की लूप खालीवर होतात आणि वजनही हलतं. म्हणून जीएसएमची (चौरस मीटरला किती ग्रॅम, त्याची) तक्रार आली की आधी पाईलचं बीम बघायचं, सूतवाल्याच्या नावानं मग ओरडायचं.

वजनाचा हिशेब तोंडपाठ ठेव, मुलाखतीत हमखास विचारतील. ७० बाय १४० सेंटिमीटरचा, ४५० जीएसएमचा टॉवेल म्हणजे ०.९८ चौरस मीटर, वजन ४४१ ग्रॅम. कार्टनमध्ये ४८ नग भरले तर निव्वळ २१.१७ किलो. विणकाम, धुलाई आणि कापणीतली घट १० टक्के धरली तर नगामागे सूत लागतं ४९० ग्रॅम. भाव ४९० वर काढायचा. ४४१ वर काढला की नफा तिथंच बुडाला. शिवाय सुताचा भाव एका जागी राहत नाही, म्हणून कोटेशनवर आठवड्याची मुदत लिहायचीच.

आणि टॉवेल तोलायचा कधी? सुती माल हवेतला ओलावा ओढतो. प्रमाण हवामानात तो ८.५ टक्के धरतात. ड्रायरमधून निघालेला गरम टॉवेल हलका भरतो, श्रावणात गोदामात पडलेला जड. तुम्ही तिकडं एसीत तोलता, कारखानेवाले इथं पावसात, आणि मग दोघंही ईमेलवर भांडता. नमुना रात्रभर मोकळा पसरून ठेवायचा आणि मग तोलायचा, हे दोन्ही बाजूंनी ऑर्डरच्या वेळीच लिहून घ्यायचं.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे टॉवेल पाणी पीत नाही. सिलिकॉन सॉफ्टनर जास्त झाला की हाताला लोण्यासारखा लागतो, पण पाण्याचा थेंब वरच बसून राहतो. खरेदीदार नमुना हातानंच चाचपतो, म्हणून सॉफ्टनर वाढवायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो मोडून काढणं तुझं काम. रंगाचं असं आहे की इथं बराच माल सूत रंगवून विणतात, आणि दोन लॉटच्या (वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या सुताच्या) छटा थोड्या तरी हलतातच. पूर्ण ऑर्डरचं सूत एका लॉटमध्ये रंगवता आलं नाही तर निदान कार्टन लॉटवार भरायचे. एका कार्टनमध्ये दोन छटा निघाल्या की क्लेम पक्का.

मुलाखतीत तूही विचार. रंगाई घरची आहे की बाहेर जॉबवर जाते? बाहेरची असेल तर तारीख तुझ्या हातात नसते, बोलणी मात्र तूच खाणार. शिपमेंटची तारीख कबूल कोण करतं, तू की मालक? नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो, संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. त्या दिवसांत माग बंद धरूनच तारीख द्यायची. परदेशातल्या खरेदीदाराला हे कॅलेंडर आधीच पाठवलेलं बरं.

एलसीचं तुला काय शिकवायचं! पण आता तू टेबलाच्या या बाजूला असशील. यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे शिपमेंटपासून २१ दिवसांत, आणि एलसीची मुदत संपायच्या आत, कागद बँकेत गेले पाहिजेत. तपासायला बँकेला ५ कामकाजाचे दिवस. इनव्हॉइसवरचं वर्णन एलसीशी जुळलं नाही तर माल कितीही चांगला असो, पैसे अडकतात. यूएईच्या मालासोबत सीईपीएचं (भारत-यूएई व्यापार कराराचं) मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं. तो करार १ मे २०२२ पासून लागू आहे, आणि कागद नसला तर तुझ्या आताच्या मालकासारख्यालाच ड्यूटीचा भुर्दंड.

पगाराचं सांगतो. दिरहमला रुपयानं गुणू नको. भाडं, मेस, फोन, तिकीट वजा जाऊन महिन्याला हातात काय उरतं ते मांड आणि त्याच्याशी तुलना कर. पीएफ कापतात का, आणि चिंचोळीपर्यंत कंपनीची गाडी आहे का, हेही विचार. घर बघशील तर पाण्याची मोठी टाकी असलेलंच बघ, नळ काही रोज येत नाही.

इथलं नेमणुकीचं पत्र हातात पडल्याशिवाय तिकडं राजीनामा देऊ नको. करारात नोटीस ३० ते ९० दिवसांपैकी किती आहे ते वाच आणि रुजू व्हायची तारीख त्यावरून सांग. ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, पूर्ण पगारावर नाही: पहिली ५ वर्षं दर वर्षाला २१ दिवसांची, पुढं ३० दिवसांची. समज बेसिक ३,००० दिरहम आणि नोकरी ६ वर्षं; तर १०,५०० अधिक ३,०००, म्हणजे १३,५०० दिरहम. सगळा हिशेब नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवा. अनुभवाचं पत्र व्हिसा रद्द व्हायच्या आधी घे, नंतर कोणी फोन उचलत नाही. आणि आल्यावर, आता इथंच राहणार म्हणून, एनआरई (परदेशात राहणाऱ्यांच्या) खात्याचं बँकेला कळव.

बायोडाटा आधी मला पाठव, वाचून पुढं देतो. येताना तिकडच्या दुकानातले दोन टॉवेल बॅगेत टाक, एक स्वस्तातला आणि एक महागातला, लेबल न काढता. किंमत आणि वजन चिठ्ठीवर लिहून मुलाखतीला टेबलावर ठेव.

तुझा,
अंबादास