‘पाकीट कितीले पडलं?’ विचारणाऱ्या काकाजींना

ती. काकाजींना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही ‘चहा ठेव’ म्हणून विषय मोडता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. आपल्या भागातल्या कितीतरी पोरी-पोरं आता मोबाइलवरून जवसाची चटणी, मोहाचे लाडू, गावरान तुरीची डाळ विकायला लागली आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कानावर जावं.

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी अडत्याकडे आमची पोती बाकीच्या पोत्यांसारखीच तोलली जायची. म्हणून २०२१ च्या उन्हाळ्यात मी पूड करून थेट विकायला सुरुवात केली. छोटी वेबसाइट बनवून घेतली, पाव किलोचं पाकीट १३० रुपयांना, वर ‘डिलिव्हरी मोफत’. तिसऱ्या महिन्यात दिवसाला सात-आठ ऑर्डरी येऊ लागल्या, तेव्हा मी ते सांगायला तुमच्याकडे आले. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, तीस वर्षं मुनीमकी केलेला माणूस खूश होईल असं वाटलं होतं.

तुम्ही चष्मा पुसला आणि एवढंच विचारलं, “पोरी, हे पाकीट तुले कितीले पडलं?”

मला सांगता आलं नाही. हळद घरची, मग पडणार काय, असं माझं उत्तर होतं. तुम्ही लाल कापडाची वही काढलीत आणि त्या दुपारी ओट्यावर बसून जो हिशेब मांडलात, तो मला आजही पाठ आहे. हळद घरची असली तरी बाजारभावाने धरायची: दळणातली तूट मिळून २४ रुपये. दळण, पाकीट, लेबल १४. खोका आणि टेप १२. ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या पेमेंट गेटवेचे ३. कुरिअर ८८. बेरीज १४१. म्हणजे प्रत्येक पाकिटामागे मी ११ रुपये गाठीचे घालत होते आणि ऑर्डरी वाढल्या म्हणून आनंदात होते.

कुरिअरच्या ८८ वर तुमचं बोट थांबलं. पाकीट पाव किलोचं आणि बिल एक किलोचं कसं? मी तीन महिन्यांत एकदाही ते बिल नीट वाचलं नव्हतं. माझा खोका २५ बाय २० बाय १० सेंटिमीटरचा होता. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर पैसे त्याचे लागतात. माझ्या खोक्याचा आकडा बरोबर एक किलो. मी हळदीबरोबर पाऊण किलो हवा पाठवत होते. तुम्हाला हे सूत्र ठाऊक नव्हतं, कुरिअर कंपनीशी तुमचा कधी संबंध आला नव्हता. पण काट्यावरचं वजन आणि बिलाच्या पट्टीवरचं वजन जुळलं पाहिजे, ही तुमची आयुष्यभराची सवय. दुसऱ्या आठवड्यात मी १८ बाय १२ बाय ६ चा खोका आणला. अर्धा किलोच्या दरात बसला.

उतारा हा शब्दही तुमचाच. एक क्विंटल कापसातून ३३-३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. हा उतारा ज्याला तोंडपाठ नाही त्याने जिनिंग चालवू नये, असं तुम्ही म्हणायचात. तसा हळदीचाही उतारा काढ म्हणालात. पाच क्विंटल ओले कंद शिजवून, वाळवून, जेमतेम एक क्विंटल हळकुंडं हाती येतात. पुढे पॉलिशमध्ये घट, दळणात घट. हे वहीत उतरल्यावर १३० रुपयांची लाज वाटली आणि भाव वाढवायची भीती गेली. डिलिव्हरी वेगळी दाखवली, अर्धा आणि एक किलोची पाकिटं पुढे केली. काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ द्या म्हणालात.

मग ‘मजुरी’च्या रकान्यात मी फक्त मजूर बायांची नावं लिहिली होती. तुम्ही माझं आणि सासूबाईंचं नाव घालायला लावलंत. “घरचं मानूस फुकटात नसते बाप्पा.” सासूबाई हळकुंडं निवडायला रोज चार तास बसतात. त्या महिन्यापासून त्यांच्या खात्यावर पैसे जातात. आयुष्यात पहिल्यांदा, त्या साठीच्या असताना. यासाठी तुमचे आभार त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितले आहेत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण नवी पोरं इथेच नाडली जातात. एक एजंट उद्यम नोंदणीचे, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचे, अडीच हजार मागत होता. तुम्ही ‘आधी स्वतः वाच’ म्हणालात. ती नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत होते. अन्न परवान्याची छोट्या धंद्यासाठीची साधी नोंदणी मला वर्षाला १०० रुपयांत मिळाली. माल राज्याबाहेर पाठवायच्या आधी जीएसटीचं सीएला विचारून घे, हेही तुम्हीच बजावलंत. म्हणून पहिलं वर्ष मी महाराष्ट्राबाहेर एक पाकीट पाठवलं नाही.

२०२२ चा पावसाळा मात्र वाईट गेला. एका आठवड्यात एकही ऑर्डर नाही. पुण्या-मुंबईच्या ब्रँडच्या जाहिराती बघून मी तीन लाखांचं कर्ज काढायला निघाले होते. तुम्ही अडवलं नाही, फक्त विचारलं की जिनिंग वर्षातले किती महिने बंद असते. “बंद जिनिंग पाहून मालक रडत नाही. तो पट्टे बदलून घेते, हिशोब पुरे करते.” मी कर्ज काढलं नाही. पुढच्या दीड महिन्यात जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावले. कुणी सांगितलं पाकिटाची झिप फाटते, कुणी म्हणालं पूड थोडी भरड हवी. दोन्ही सुधारलं. आणि ‘माल हातात आल्यावर पैसे देतो’ म्हणणाऱ्यांना माल पाठवण्याआधी फोन करायची पद्धत तेव्हाच लावली. त्याआधी अशी दहातली दोन-तीन पाकिटं परत यायची, जाण्या-येण्याचं भाडं माझ्या अंगावर.

गिऱ्हाइकांची नावं-नंबर कागदी वहीत लिहायला लावलंत तेव्हा मी मनातून नाराज होते. पुढच्या वर्षी समाजमाध्यमावरचं माझं पान कारण न सांगता तीन आठवडे बंद झालं. वहीत २१४ नावं होती. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी त्या तीन आठवड्यांत फोनवर ऑर्डर दिली. दुसऱ्याच्या जागेत दुकान मांडलं तरी गिऱ्हाईक आपल्या वहीत हवं, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि ती पन्नास किलोची दिवाळीची ऑर्डर. माझी हळद संपली होती, बाहेरची आणून भरली असती तर कुणाला कळलं नसतं. तुम्ही कापसावर पाणी मारून वजन वाढवणाऱ्यांची गोष्ट सांगितलीत, आणि त्यांच्या गाड्या पुढे कुणी उतरवून घेईना तेही. मी त्या दुकानदाराला नवी हळद फेब्रुवारीत येईल असं कळवलं. तो थांबला. आज तो माझा सगळ्यात मोठा खरेदीदार आहे.

एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. मी एकदा पाकीट तसंच ठेवून आले, तर दुसऱ्या दिवशी पैसे पाठवलेत आणि वहीत विक्री लिहायला लावलीत. ती ओळ अजून तशीच आहे: काकाजी, १ पाकीट, रोख.

मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला बारीक अक्षर वाचवत नाही असं काकूंनी सांगितलं. यंदाचा हिशेब मी मोठ्या अक्षरात लिहिते आहे. पाडव्याला नवी वही घेऊन येईन, पहिल्या पानावर ‘श्री’ तुमच्याच हातचं हवं.

तुमची,
हळदवाली सूनबाई