तिसरी पिन नावापुरती नको

मा. संपादक महोदय,

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींनी मला बोलावून सांगितले, की वॉशिंग मशिनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. मशिनची वायर भिंतीवरच्या सॉकेटपर्यंत पोहोचत नसल्याने त्यांनी बाजारातून नवा एक्सटेन्शन बोर्ड आणून त्यावर ते जोडले होते. मी मेन स्विच बंद करून बोर्डाचे चार स्क्रू काढले, तेव्हा आत लाल आणि काळी अशा दोनच वायरी दिसल्या. वरच्या मोठ्या भोकामागची पितळी पट्टी कोरी करकरीत होती. तिला वायर कधी जोडलीच गेली नव्हती. बोर्डाच्या प्लगला तिसरी पिन होती, चांगली जाड आणि लांब, पण तीही आतून मोकळीच. आयटीआयमध्ये अनेक वर्षे तारतंत्री (वायरमन) शाखेच्या मुलांना शिकवलेल्या माणसाला हे पाहून जो संताप आला, तो या पत्रामागे आहे.

ही पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब असते, कारण प्लग खोचताना अर्थिंग, म्हणजे जमिनीशी असलेली सुरक्षेची जोडणी, सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. उपकरणाच्या आतील वायरचे आवरण झिजून पत्र्याला २३० व्होल्टचा फेज, म्हणजे वीज असलेली वायर, टेकला, तर प्रवाहाला जमिनीकडे जायला वाट हवी. ती असेल तर मोठा प्रवाह वाहून एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाने आपोआप बंद होणारा स्विच, पडतो आणि पुरवठा तुटतो. ती वाट नसेल, तर पत्रा जिवंत राहतो आणि हात लावणारा माणूसच ती वाट होतो. घरात एमसीबी आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण १६ अँपिअरच्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारा काही मिलीअँपिअरचा प्रवाह जाणवतही नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, लागतो, आणि जुन्या चाळींत व घरांत तो अपवादानेच दिसतो.

प्लग आणि सॉकेट यांच्यासाठी आयएस १२९३ हे भारतीय मानक आहे, त्यात ६ आणि १६ अँपिअरच्या पिनांची मापे ठरलेली आहेत. वहिनींच्या बोर्डावर आयएसआयसारखे दिसणारे चिन्ह होते, पण खऱ्या चिन्हाच्या वर असतो तो मानकाचा क्रमांक नव्हता आणि खाली असतो तो सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांकही नव्हता. हा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) बीआयएस केअर या अॅपवर टाकला, की परवाना कोणाचा आणि कशासाठी आहे ते कळते. दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, ‘सगळे हेच नेतात.’ त्याचे म्हणणे खोटे नाही, आणि मला काळजी वाटते ती याच गोष्टीची.

आपल्या सवयीही याला हातभार लावतात. शटर असलेल्या सॉकेटमध्ये वरच्या भोकात पिन गेल्याशिवाय खालची दोन भोके उघडत नाहीत. लहान मुलांच्या बोटांसाठी आणि खिळ्या-तारांसाठी केलेली ही सोय आहे. दोन पिनांचा चार्जर बसत नाही म्हणून त्या वरच्या भोकात पेन किंवा स्क्रू-ड्रायव्हर खुपसणारे आपण, मुलांच्या देखतच, ते शटर कसे उघडायचे याचे प्रात्यक्षिक देत असतो.

भारतीय मानक ब्युरोने बाजारपेठांतील एक्सटेन्शन बोर्ड केवळ वेष्टन पाहून न सोडता उघडून तपासावेत, आणि तिसरी वायर नसताना तीन भोके ठेवणाऱ्या मालाची विक्री थांबवावी, अशी माझी विनंती आहे. खोटे चिन्ह वापरणे हा २०१६ च्या भारतीय मानक ब्युरो कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा कारवाईसाठी नव्या नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्राहकांनीही फ्रिज, गीझर, वॉशिंग मशिन आणि इंडक्शन शेगडी यांसाठी एक्सटेन्शन बोर्ड वापरू नये. वायरमनला बोलावून जवळच अर्थिंगसह सॉकेट बसवून घ्यावे. वहिनींच्या घरी ते काम झाले आहे. बोर्ड मी उघड्या स्थितीतच जपून ठेवला असून, ब्युरोच्या अधिकाऱ्यांना तपासणीसाठी हवा असल्यास पक्क्या बिलासह देण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक (तारतंत्री), सांगली